कोठ्यातला ताप

राजूरला पहिल्यांदा येणाऱ्याला आधी कोळसा दिसतो, मग चुना. वणीजवळचं हे गाव खाणीमुळे राजूर कॉलरी या नावानंच जास्त ओळखलं जातं. पण खाणीची पाळी आणि चुन्याच्या भट्टीची मजुरी यांच्या पलीकडे इथे कास्तकारी आहे, काळ्या वावरात कपाशी आणि तूर आहे, आणि घराला लागून गुरांचा कोठा आहे. घरातली माणसं आणि कोठ्यातली ढोरं यांच्यात बरेचदा एका कुडाचं अंतर असतं. माणसाच्या रक्तात राहणाऱ्या परजीवींबद्दल लिहायचं तर मला या कुडापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेलेली एक विलक्षण घटना इथून फार दूर घडलेली नाही. घुग्घूसच्या वाटेनं वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या एका कास्तकाराला 2004 साली असा आजार झाल्याचं सिद्ध झालं, जो तोवर जगात कुठल्याच माणसात सिद्ध झालेला नव्हता. तो आजार जनावरांचा होता.

परजीवी म्हटलं की आपल्याला जंत आठवतात, मलेरिया आठवतो, पूर्व विदर्भात हत्तीरोग आठवतो. ते बरोबरच आहे. मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना आहे. आकडीकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला आणखी खंगवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, जंत त्यातलं एक. शाळेत आणि अंगणवाडीत वाटली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी त्यासाठीच असते. हे सगळं लोकांना थोडंफार माहीत आहे. चंद्रपूरची गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत आहे आणि ती कळली तर आपल्या रक्ताकडे आणि आपल्या बैलाकडे पाहायची नजर बदलते.

त्या कास्तकाराला ताप यायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. असं सुमारे पाच महिने चाललं. आपल्याकडे असा ताप म्हणजे मलेरिया, हे इतकं पक्कं झालेलं आहे की बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला जातो तो मलेरियासाठीच. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत शिरून बसतो, म्हणून तपासणाऱ्याची नजर पेशींच्या आत शोधत असते. या माणसाच्या रक्तात जे सापडलं ते पेशींच्या बाहेर होतं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, अंगाच्या कडेनं पातळ पडद्याची लहरती झालर असलेले जीव, एकेक तांबड्या पेशीच्या जवळजवळ तिप्पट लांब. ताज्या रक्ताचा थेंब काचेखाली पाहिला तर आधी परजीवी दिसतही नाही. दिसतं ते एवढंच की एका जागच्या तांबड्या पेशी उगाच हलताहेत, बाजूला ढकलल्या जाताहेत. नजर तिथे स्थिरावली की मग वळवळणारा तो जीव ध्यानात येतो. त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. जनावरांच्या डॉक्टरांना तो नवा नाही. त्यानं होणाऱ्या रोगाला ते सर्रा म्हणतात.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. पी. पी. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रुग्ण अभ्यासला. एवढा मोठा दावा करायचा तर नुसत्या सूक्ष्मदर्शकावर भागत नाही. परजीवीची जात रक्तद्रव्याच्या चाचण्यांनी आणि डीएनएच्या तपासणीनं पक्की केली गेली, जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ आणि युरोपातल्या प्रयोगशाळा त्यात सामील झाल्या, आणि 2005 मध्ये अमेरिकेतल्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात ही नोंद छापून आली. रुग्णाच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, त्यात परजीवी नव्हता, म्हणजे मेंदूपर्यंत आजार गेलेला नव्हता. त्यामुळे सुरामिन हे औषध देता आलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तयार झालेलं, आफ्रिकेतल्या निद्रारोगावर वापरलं जाणारं हे जुनं औषध. ते जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आलं आणि रुग्ण पूर्ण बरा झाला.

सर्रा या रोगाची कथा जुनी आहे आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. 1880 साली तेव्हाच्या पंजाबात डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हा परजीवी पाहिला. एखादा ट्रिपॅनोसोम, म्हणजे या वंशातला जीव, रोग घडवतो हे जगात पहिल्यांदा दाखवलं गेलं ते इथे. त्याच्या वरिष्ठांना ते पटलं नाही. पुढे 1889 मध्ये पुण्यात सरकारी जीवाणूशास्त्र प्रयोगशाळा निघाली, तीच नंतर मुक्तेश्वरला गेली आणि आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची सुरुवात मानली जाते. तिथल्या आल्फ्रेड लिंगार्डनं घोड्यांच्या सर्र्यावर सविस्तर अहवाल लिहिले. 1901 मध्ये लिओनार्ड रॉजर्सनं दाखवलं की गोमाशी हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात नेते.

गोमाशी कशी नेते हे कोठ्यात उभं राहून पाहता येतं. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना बैलाच्या पोटाखाली, पायांवर ही मोठ्या डोळ्यांची जाड माशी बसते. डासासारखी बारीक सोंड ती खुपसत नाही. ती कातडी कापते, जखमेत रक्त साचू देते आणि ते चाटते. बैलाला ते चांगलंच झोंबतं. तो पाय आपटतो, कातडी थरथरवतो, शेपटीचा फटका मारतो. अर्धवट पोट भरलेली माशी उडते आणि शेजारच्या दावणीवर जाऊन बसते, तोंडाला पहिल्या बैलाचं रक्त घेऊन. माशीच्या अंगात परजीवीची वाढ होत नाही, तो तिच्या मुखावयवांवर काही मिनिटंच जिवंत राहतो. तेवढा वेळ पुरतो, कारण पुढचा बैल हातभर अंतरावर बांधलेला असतो.

इथे एक मोठी गमतीची जैविक घटना आहे. आफ्रिकेतला निद्रारोगाचा परजीवी आणि आपला हा इव्हान्सी हे जवळचे नातलग आहेत. आफ्रिकेतल्या नातलगाला वाढीसाठी त्सेत्से माशी लागतेच, कारण त्याच्या आयुष्याचा एक भाग तिच्या पोटात घडतो. त्सेत्से आफ्रिकेबाहेर नाही, म्हणून तो रोगही तिथेच अडकला. इव्हान्सीच्या पूर्वजानं आपल्या डीएनएचा एक विशिष्ट भाग गमावला आणि त्सेत्सेमध्ये वाढण्याची क्षमताच संपली. हे नुकसान त्याच्या पथ्यावर पडलं. आता त्याला कुठलीही चावरी माशी चालू लागली. आफ्रिकेतून तो उंटांबरोबर बाहेर पडला आणि आज आशिया आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेला आहे.

घोडा आणि उंट सर्र्यानं लवकर मरतात. गाई, बैल, म्हशी मात्र कित्येकदा वरून धडधाकट दिसतात आणि रक्तात परजीवी बाळगतात. नांगरणीचा ताण आला, चारा कमी पडला, दुसरा एखादा रोग झाला की तो उसळतो. मग मधूनमधून ताप, डोळ्यांतून पाणी, पायांवर आणि पोटाखाली सूज, दूध आटणं, गाभण जनावर फेकणं. कधी जनावर गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. बैल खंगला की कास्तकार त्याला खुराक वाढवतो, जंताचं औषध पाजतो, आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर बाजारात विकूनही टाकतो. तो बैल दुसऱ्याच्या दावणीला जातो आणि परजीवी त्याच्याबरोबर जातो. जिल्ह्याची हद्द नदीच्या मध्यावर असते, बैलाच्या अंगात नसते.

ताप चढतो-उतरतो त्यामागेही एक यंत्रणा आहे. ट्रिपॅनोसोमच्या अंगावर एकाच प्रथिनाचं दाट आवरण असतं. शरीर ते ओळखून प्रतिपिंडं तयार करतं आणि परजीवींचा फडशा पाडतं. पण त्यांच्यातल्या थोड्यांनी तोवर आवरणाचं प्रथिन बदललेलं असतं. जुनी प्रतिपिंडं त्यांना ओळखत नाहीत. ते वाढतात, पुन्हा ताप चढतो, शरीर पुन्हा नवी प्रतिपिंडं बनवतं. अशी आवरणं बनवणारी शेकडो जनुकं या एका पेशीच्या जिवाकडे आहेत. म्हणून या रोगावर लस होऊ शकलेली नाही.

आता खरा प्रश्न. सर्रा भारतात निदान सव्वाशे वर्षांपासून नोंदलेला आहे, गोमाश्या माणसालाही चावतात, मग लाखो कास्तकारांपैकी हा आजार एकालाच का व्हावा?

फ्रेंच वैज्ञानिक लाव्हेरान, ज्यांनी मलेरियाचा परजीवी शोधला, त्यांनी 1902 मध्येच पाहिलं होतं की माणसाच्या रक्तद्रव्यात जनावरांचे ट्रिपॅनोसोम मरतात. ते कशानं मरतात हे समजायला शंभर वर्षं लागली. बेल्जियममधल्या ब्रुसेल्स विद्यापीठात एतिएन पेस यांच्या गटानं 2003 मध्ये दाखवलं की मारेकरी आहे अपोएल-वन नावाचं एक प्रथिन. ते आपल्या रक्तात, ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो त्याच्या कणांवर बसून फिरतं. परजीवीला वाढण्यासाठी रक्तातलं हिमोग्लोबिन हवं असतं, ते खेचून घेण्यासाठी त्याच्या अंगावर खास दारं आहेत. आपल्या रक्तातले हे कण हिमोग्लोबिनबरोबर त्याच दारानं आत जातात. उंदराला कणकेच्या गोळीत औषध घालून देतात, तसाच हा प्रकार. परजीवीच्या पोटात, जिथे आम्ल असतं तिथे, अपोएल-वन पडद्याला भोकं पाडतं, क्षार आणि पाणी आत घुसतं आणि परजीवी फुगून फुटतो. हे प्रथिन फार थोड्या प्राण्यांत आहे. माणसात आहे, गोरिलात आहे, बबूनमध्ये आहे. चिंपांझीत नाही, बैलात नाही, घोड्यात नाही.

चंद्रपूरच्या त्या कास्तकाराच्या रक्तद्रव्यात ब्रुसेल्सच्या गटानं इव्हान्सी घातला तेव्हा तो मेला नाही. तपासलं तर त्या रक्तात अपोएल-वन नव्हतंच. आईकडून आणि बापाकडून आलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. मग प्रयोगशाळेत तयार केलेलं अपोएल-वन त्याच्या रक्तद्रव्यात मिसळलं आणि परजीवी मरू लागले. डिसेंबर 2006 मध्ये हा शोध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रथिनच आपल्याला गुरांच्या रोगापासून वाचवतं याचा माणसातला थेट पुरावा विदर्भातल्या एका कास्तकाराच्या रक्तानं दिला. त्यानं स्वतः काही केलं नव्हतं. त्याला फक्त ताप आला होता, आणि तो ताप कुणीतरी नीट पाहिला.

या गोष्टीचं पुढचं पान मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या रुग्णाच्या गावातल्या 1806 लोकांचं रक्त कार्डावरच्या चाचणीनं तपासलं गेलं. ही चाचणी सोपी आहे: परजीवीचं रंगवलेलं द्रव्य आणि रक्ताचा थेंब कार्डावर मिसळायचा, काही मिनिटांत बारीक गुठळ्या दिसल्या तर त्या रक्तात परजीवीविरुद्ध प्रतिपिंडं आहेत. प्राथमिक तपासणीत 410 जणांत, म्हणजे 22.7 टक्के लोकांत, ती दिसली. ज्यांच्यात प्रतिपिंडं जास्त होती त्यांचं रक्त परजीवीसाठी पुन्हा तपासलं, आणि एकाच्याही रक्तात जिवंत परजीवी सापडला नाही. अशी चाचणी काही वेळा चुकतेही, हे धरूनसुद्धा याचा अर्थ लावता येतो. या गावकऱ्यांच्या अंगात परजीवी अनेकदा शिरत असावा आणि प्रत्येक वेळी त्यांच्या रक्तातलं प्रथिन त्याला संपवत असावं. कोठ्यातून घरात येणारी वाट रोज वापरात आहे, आपल्याला ती कळत नाही इतकंच. राजूर, वणी, मारेगाव, झरी या पट्ट्यातलं जगणं त्या गावापेक्षा वेगळं नाही, तेव्हा ही वाट आपल्याही घरी असणार असं मी धरून चालतो.

मग आपलं प्रथिन शाबूत असेल तर निश्चिंत राहावं का? नाही. 2016 मध्ये व्हिएतनामच्या दक्षिण भागातल्या एका स्त्रीची केस प्रसिद्ध झाली. तिलाही इव्हान्सीचा आजार झाला होता, आणि तिचं अपोएल-वन अगदी नीट होतं. कच्चं मांस हाताळताना झालेल्या जखमेतून परजीवी शिरला असावा, असं तिच्या डॉक्टरांना वाटलं. म्हणजे संरक्षण मोठं आहे, पण अभेद्य नाही. आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या दोन जाती तर या प्रथिनाला चकवायला केव्हाच शिकल्या आहेत, म्हणूनच तिथे माणसं त्या रोगानं मरत आली.

आफ्रिकेतल्या माणसांनीही उत्तर दिलं. पश्चिम आफ्रिकेत अपोएल-वनचे दोन बदललेले प्रकार पसरले, जे निद्रारोगाच्या एका जातीला पुन्हा मारू शकतात. पण त्याची किंमत मोठी. आई आणि बाप दोघांकडून हा बदल मिळालेल्यांना मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका बराच वाढतो, हे 2010 मध्ये कळलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत डायलिसिसवर जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त का, याचं मोठं उत्तर इथे सापडलं. साहजिकच विचार आला की हे प्रथिन औषधानं बंद पाडलं तर? पण ते बंद पाडणं सुरक्षित आहे का, मूत्रपिंडाला त्याची गरज तर नाही ना? इथे जग पुन्हा चंद्रपूरकडे वळलं. अपोएल-वन मुळीच नसलेला तो कास्तकार त्याच्या मूत्रपिंडासह ठीक जगत होता. त्याच्या गावातल्या बिघडलेल्या जनुकाचा मूत्रपिंडाच्या विकाराशी संबंध दिसत नाही, असा अभ्यास 2012 मध्ये छापला गेला. 2023 मध्ये अपोएल-वन रोखणाऱ्या इनाक्सॅप्लिन या औषधाची छोटी चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात रुग्णांच्या लघवीतून वाया जाणारं प्रथिन सरासरीनं जवळपास निम्म्यावर आलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला सलते. विदर्भातल्या एका गावाच्या रक्तानं ब्रुसेल्सला आणि मूत्रपिंडाच्या संशोधकांना उत्तरं दिली. त्या बदल्यात आपल्या गावांच्या दवाखान्यांत काय बदललं? जनावरांचा दवाखाना आणि माणसांचा दवाखाना एकाच तालुक्यात असून दोघांची कागदपत्रं कधी एकमेकांना भेटत नाहीत. एखाद्या गावात चार बैल खंगले आणि दोन माणसांना न हटणारा ताप आला, तर या दोन गोष्टी एका टेबलावर येण्याची आपल्याकडे कुठलीही ठरलेली पद्धत मला दिसत नाही. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसं आहेत, यंत्रं आहेत. उणीव आहे ती विचारण्याच्या सवयीची.

तापाचा रुग्ण आला, मलेरियाची काच कोरी निघाली, टायफॉइडचं औषध देऊन झालं आणि तरी ताप चढतो-उतरतो आहे, तर केसपेपरवर दोन प्रश्न लिहिले जावेत: घरी कोणती जनावरं आहेत, आणि त्यातलं कुठलं गेल्या सहा महिन्यांत आजारी होतं? ताज्या रक्ताचा एक थेंब रंग न लावता काचेखाली पाहायला प्रयोगशाळेतल्या माणसाला फार वेळ लागत नाही. पाहताना पेशींच्या आत नाही, पेशींच्या मध्ये पाहायचं. कास्तकारानंही हाताला चीर असताना मेलेल्या किंवा रक्ताळलेल्या जनावराला हात लावताना जपायला हवं, आणि खंगलेल्या बैलाचं रक्त बाजारात नेण्याआधी जनावरांच्या दवाखान्यात तपासून घ्यायला हवं. क्विनापायरामिनसारखी औषधं पशुवैद्यांकडे आहेत. घाबरून दूध सोडायचं मात्र कारण नाही, उकळलेल्या दुधातून हा परजीवी येत नाही.

वेळेचं महत्त्व एवढ्यासाठी की सुरामिन मेंदूत पोचत नाही. ट्रिपॅनोसोम एकदा तिथे शिरला तर आफ्रिकेत वर्षानुवर्षं आर्सेनिकयुक्त औषध वापरावं लागलं, आणि ते औषधच काही रुग्णांचा जीव घ्यायचं. चंद्रपूरच्या रुग्णासाठी सुरामिन जागतिक आरोग्य संघटनेकडून मागवावं लागलं, तेही परजीवीचं नाव पक्कं झाल्यावर. ते नाव तालुक्याच्या ठिकाणी, पहिल्या पंधरवड्यात, एखाद्या काचेवर दिसलं तर मधला सगळा वेळ वाचतो.